पाण्याचाही जमाखर्च हवा

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त मंदिराच्या प्रांगणात दिलेल्या भाषणावरून)



मी कीर्तनकार नाही, विद्वानही नाही. दहावी झालेला, तालुक्याच्या कचेरीत टेबलावर बसून फायली पुढे सरकविणारा एक कारकून आहे. अध्यात्मावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु गेली कित्येक वर्षे ज्या फायली माझ्या हाताखालून जातात त्यांपैकी सर्वांत जाड फाईल पाणीटंचाईची असते. तेव्हा पाण्याविषयीच बोलतो. विषय मंदिराला सोडून आहे असे कोणी म्हणू नये. आपल्या मराठवाड्यात जुने मंदिर म्हटले की शेजारी बारव असतेच. वेरूळच्या शिवालय तीर्थाचा जीर्णोद्धार पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी केला, तेव्हा देव आणि पाणी ही दोन कामे त्यांनी वेगळी मानली नाहीत. आपल्या पूर्वजांनीही मानली नव्हती. आज आपण मंदिराचा कळस चढविला. शेजारच्या बारवेत मात्र अजून गाळ आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या आहेत. म्हणून हा विषय घेतला.

प्रथम कचेरीतील गोष्ट सांगतो. दरवर्षी पावसाळा संपला की टंचाई कृती आराखडा तयार होतो. त्याचे तीन भाग असतात : ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून. कोणत्या गावाला काय द्यावयाचे त्याचे रकाने ठरलेले आहेत. विंधन विहीर घेणे, नळयोजनेची विशेष दुरुस्ती, तात्पुरती पूरक योजना, विहीर खोल करणे व गाळ काढणे, बुडक्या घेणे, खाजगी विहीर अधिग्रहित करणे, आणि काहीच जमले नाही तर टँकर. ग्रामपंचायतीचा ठराव येतो, पाहणी होते, प्रस्ताव मंजूर होतो, टँकरच्या खेपा वहीत चढतात. ग्रामीण भागात टँकरचे पाणी माणशी दिवसाला २० लिटर धरतात. वीस लिटर म्हणजे दोन बादल्या. त्यात पिणे, स्वयंपाक, भांडी, धुणे, आंघोळ आणि पाहुणा आला तर तोही.

ही व्यवस्था चुकीची आहे असे मी म्हणत नाही. ती नसती तर कित्येक गावे उठून गेली असती. पण त्या रकान्यांकडे नीट पाहावे. जवळजवळ सर्व उपाय पाणी संपल्यानंतरचे आहेत. तहान लागल्यावर विहीर खणू नये असे आपण मुलांना शिकवितो आणि गाव म्हणून दरसाल तेच करतो.

आता दोन दुष्काळांची तुलना करू. १९७२ चा दुष्काळ मी पाहिलेला नाही, पण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेला आहे. लोक खडी फोडावयास गेले, सुकडी खाऊन दिवस काढले. धान्य नव्हते, पण बऱ्याच गावांत आडाला, विहिरीला प्यायपुरते पाणी सापडत होते. २०१२-१३ चा दुष्काळ मात्र मी नोकरीत असताना पाहिला. रेशनला धान्य होते, बाजारात भाजी होती, खिशात मोबाईल होता आणि पाणी नव्हते. जायकवाडीचा उपयुक्त साठा संपत आला होता. आपल्या जालना जिल्ह्यात लोकांनी मोसंबीच्या बागा जगविण्यासाठी टँकर विकत घेतले आणि तरीही बागा वाळल्या. पंधरा-पंधरा वर्षे लेकरासारखी वाढविलेली झाडे कुऱ्हाडीने तोडून सरपणाला घालावी लागली. चाळीस वर्षांत धरणे झाली, वीज आली, पंप आले, बोअर आले. मग पाणी कमी कसे झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

उत्तर शोधण्यासाठी थोडे गणित करू. गणित सोपे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आपल्या जिल्ह्यात बऱ्यापैकी वर्षी ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस होतो. आपण ६०० धरू आणि गावाचे शिवार १,००० हेक्टर धरू. म्हणजे शिवारावर ६०० कोटी लिटर पाणी पडले. आता खर्चाची बाजू. गावची वस्ती २,००० धरू. जलजीवन मिशनच्या हिशेबाने माणशी रोज ५५ लिटर दिले तर वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर लागतात. हजार गुराढोरांना रोज ५० लिटर धरले तर वर्षाला २ कोटींच्या आत. मिळून ६ कोटी. पडले ६०० कोटी, माणसांना आणि गुरांना लागतात ६ कोटी. शंभरातला एक भाग! आणि तो एक भागसुद्धा मे महिन्यात आपल्याजवळ नसतो म्हणून आपण तहसीलच्या दारात रिकामे हंडे घेऊन येतो.

बाकीचे पाणी जाते कोठे? बरेचसे उन्हाने उडते व पिके पितात, काही ओढ्यानाल्यांनी वाहून जाते, आणि ढोबळ मानाने शंभरात आठ-दहा भाग जमिनीत मुरतात. आपली जमीन वरून काळी, पण खाली पाषाण आहे. लाव्हारसापासून झालेला हा खडक. त्यात वाळूसारखी पोकळी नाही. मुरूम आणि भेगा असतील तेवढ्याच जागेत पाणी साठते. शंभर भाग मुरमाच्या थरात जेमतेम एक ते तीन भाग उपसता येणारे पाणी. म्हणजे आपल्या पायाखाली समुद्र नाही, एक लहानसा रांजण आहे. तो पावसाळ्यात भरतो आणि त्याच वर्षात रिता होतो. दोनशे फुटांवर लागले नाही तर पाचशे फुटांवर लागेल, ही आशा बहुधा खोटी ठरते. खोलवर जे थोडे सापडते ते पुष्कळदा वर्षानुवर्षे मुरलेले जुने पाणी असते. ते एकदा उपसले की लवकर भरून येत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

मग करावे काय? पहिला भाग तंत्राचा आहे आणि त्याचे उदाहरण शोधावयास लांब जावे लागत नाही. जालना तालुक्यातील कडवंची हे गाव आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तेथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, नाबार्डच्या साहाय्याने, मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांनी १९९६ पासून काम केले. श्री. विजयअण्णा बोराडे यांचे मार्गदर्शन त्यामागे होते. त्या कामात विशेष काय होते? यंत्र काही परदेशातून आणलेले नव्हते. काम माथ्यापासून पायथ्याकडे झाले, हे विशेष. आधी टेकडीच्या उतारावर सलग समतल चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, मग नाल्यात लहान दगडी व मातीचे बांध आणि सर्वांत शेवटी खाली मोठे काम. आपण बहुतेक ठिकाणी उलटे करतो. खाली नाल्यावर सिमेंटचा बंधारा बांधून फोटो काढतो आणि वरून वाहून आलेल्या मातीने तो चार पावसाळ्यांत भरतो. धावणाऱ्या पाण्याला चालावयास लावावे, चालणाऱ्याला थांबवावे, थांबलेल्याला मुरवावे, एवढेच ते शास्त्र आहे. त्याबरोबर या कार्यक्रमाच्या अटीही होत्या : श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. गावाने अटी पाळावयाच्या, मगच पैसा. पुढे कडवंचीत शेततळी झाली, ठिबक आले, द्राक्षबागा उभ्या राहिल्या, आणि २०१२ च्या दुष्काळात आजूबाजूच्या बागा वाळत असताना तेथील बागा उभ्या राहिल्या. हे आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच पावसावर झाले आहे.

परंतु येथेच एक सावधगिरीची गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. कडवंचीचे शेततळे पाहून आले की प्रत्येकाला शेततळे हवे असते. शेततळ्याचा मूळ हेतू काय? पावसात वाहून जाणारे पाणी अडवून ठेवणे. पण आज पुष्कळ ठिकाणी प्लॅस्टिकचा कागद अंथरून तळे करतात आणि विहिरीला किंवा बोअरला पंप लावून जमिनीतले पाणी त्यात भरतात. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल अशा तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत आपल्या उन्हाने त्यातले तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पाणी हवेत उडून जाते. जमिनीच्या सावलीत जे सुरक्षित होते ते उन्हात आणून ठेवले आणि शेजाऱ्याची विहीर मात्र जानेवारीतच कोरडी पडली. याला जलसंधारण म्हणत नाहीत; हे सामाईक रांजणातून आधी आपला हंडा भरून घेणे झाले.

ठिबकचेही तसेच आहे. इस्रायलसारख्या वाळवंटी देशाने १९६० नंतरच्या काळात ठिबक जगाला दिले. पाणी वाचते ही गोष्ट खरी आहे. पण दोन एकरांचे पाणी वाचले म्हणून आपण चार एकर बाग लावली, तर विहिरीत काय उरले? ठिबक पाणी वाचवीत नाही, ठिबक वापरणारा माणूस वाचवितो. यंत्राला हिशेब कळत नाही.

म्हणून दुसरा भाग व्यवस्थापनाचा, म्हणजे साध्या भाषेत वाटणीचा व नियमाचा. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे श्री. विलासराव साळुंखे या इंजिनियर गृहस्थांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा की पाण्याची वाटणी जमिनीच्या एकरांवर नाही तर घरातील माणसांवर. माणशी अर्धा एकर, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. आणि ऊस लावावयाचा नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली आणि दरवर्षी गावात किती पाऊस झाला, किती पाणी आहे, त्यावर कोणते पीक घ्यावयाचे याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडण्याची पद्धत घातली. पाऊस कमी झाला तर जास्त पाण्याची पिके त्या वर्षी बाजूला. येथे सक्ती पोलिसाची नाही, गावाच्या शब्दाची आहे.

आणि हे केवळ गरीब खेड्याचे शहाणपण आहे असेही समजू नये. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन नावाचे मोठे शहर आहे. २०१८ साली तेथील धरणे आटत आली, नळ बंद करण्याचा दिवस मोजू लागले. तेव्हा सरकारने बंगलेवाल्याला आणि झोपडीवाल्याला एकच मर्यादा घातली : माणशी दिवसाला ५० लिटर. रोजचा साठा आणि रोजचा वापर लोकांपुढे जाहीर होऊ लागला. लोकांनी वापर कमी केला आणि तो दिवस टळला. हिशेब उघड्यावर आला की माणूस आपोआप हात आखडतो.

आता आपल्या ताळेबंदाकडे परत येऊ. मघाशी म्हटलेल्या ६०० कोटींपैकी मुरलेले ५० कोटी धरा. त्यातून माणसांचे व गुरांचे ६ कोटी आधी बाजूला काढा. उरले ४४ कोटी. हरभऱ्याच्या दोन पाळ्यांना हेक्टरी सुमारे १५ लाख लिटर लागतात. म्हणजे या पाण्यावर २९० हेक्टर हरभरा होतो. पाटपाण्याने भिजविलेल्या उसाला हेक्टरी २ कोटी लिटरच्या वर लागतात. म्हणजे त्याच पाण्यावर फार तर २२ हेक्टर ऊस. दोन हेक्टर ऊस म्हणजे सबंध गावाचे वर्षभराचे पिण्याचे पाणी! आकडे ढोबळ आहेत, यातलेही काही पाणी ओढ्यावाटे खाली जाते, शिवारागणिक फरक पडेल. पण आकड्यांचे वजन कोणत्या बाजूला आहे हे शाळेतल्या पोरालाही कळेल.

तिसरा भाग देखभालीचा. तो सर्वांत दुर्लक्षित आहे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरने सतराव्या शतकात नहर बांधली. पंपाशिवाय, नुसत्या उताराने, जमिनीखालून शहरात पाणी आले आणि शेकडो वर्षे चालले. ती बिघडली ती मुख्यतः वर बांधकामे झाली आणि साफसफाई बंद पडली म्हणून. जालना शहराचा घाणेवाडी तलाव १९३१ साली झाला. त्याचेही पाणी उताराने शहरात येते. पण गाळाने तो उथळ होत गेला. तेव्हा जालन्यातील नागरिक पुढे आले, लोकवर्गणी केली, यंत्रे लावून गाळ काढला आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतात नेऊन टाकला. तलाव खोल झाला आणि हलकी जमीन भारी झाली. एकाच कामाचे दोन लाभ. बांधणाऱ्याचे नाव दगडावर कोरतात. गाळ काढणाऱ्याचे कोणी कोरीत नाही. पण पाणी टिकते ते गाळ काढणाऱ्यामुळे.

मंडळी, या मंदिराच्या जीर्णोद्धारात समितीने एक गोष्ट फार चांगली केली. पै-पैचा जमाखर्च फळ्यावर लावला. कोणी अकरा रुपये दिले, कोणी अकरा हजार. सर्वांची नावे आहेत. सिमेंटची पोती किती आली, किती लागली, कोणीही येऊन वाचावे. म्हणून देणगी कमी पडली नाही. जेथे हिशेब स्वच्छ, तेथे लोकांचा हात सैल. माझे म्हणणे एवढेच की, जी रीत आपण पैशाला लावली तीच पाण्याला लावावी. त्यासाठी तीन गोष्टी सुचवितो.

पहिली, या बारवेचा गाळ काढावा. जीर्णोद्धार फंडात जी शिल्लक राहील तिच्यातून आणि श्रमदानातून हे काम उन्हाळ्यातच उरकेल. मंदिराच्या छताचे पाणी पन्हाळीने, गाळून बारवेत सोडावे. बारवेत पाणी किती हे पाहिले की शिवारातल्या रांजणाची अवस्था गावाला रोज डोळ्यांनी दिसेल.

दुसरी, पाण्याचा ताळेबंद. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते : जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. त्याच महिन्यांत आपणही गावातील दहा-बारा विहिरी मोजाव्यात. दोरी आणि दगड पुरे. शाळेची मुले आनंदाने करतील. मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा मी स्वतः कचेरीतून आणून देईन. दसरा झाला की ग्रामसभेत हे आकडे वाचावेत आणि रब्बीला काय पेरावयाचे ते त्यावर ठरवावे. आधी पिण्याचे, मग गुरांचे, मग पिकाचे, हा क्रम कोणत्याही वर्षी मोडावयाचा नाही.

तिसरी गोष्ट थोडी कडू आहे. आपल्या नळयोजनेच्या विहिरीच्या आसपास खाजगी बोअर वाढले आहेत आणि ती विहीर आता एप्रिलमध्येच तळ दाखविते. १९९३ च्या भूजल कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यास मनाई केली होती. त्यानंतर २००९ चा कायदा झाला आणि २०१४ पासून तो लागू आहे. पिण्याच्या पाण्याच्या स्रोताचे रक्षण हे तत्त्व त्यातही आहे, आणि ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर त्याने निर्बंध आणले आहेत. परंतु कायद्याचा कागद कचेरीत असतो आणि पंप शिवारात. ग्रामसभा ठराव करून पाठीशी उभी राहिली नाही तर तो कागद एक इंचही हलत नाही, हे मी नोकरीच्या अनुभवावरून सांगतो. ठराव असा व्हावा की, त्या विहिरीभोवती नवा बोअर नाही, आणि जुने बोअर फेब्रुवारीनंतर बंद.

माझे हे बोलणे कोणाला लागेल हे मी जाणतो. देणगीदारांच्या फळ्यावर ज्यांची नावे वरती आहेत त्यांपैकी काहींचेच बोअर त्या विहिरीजवळ आहेत. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. त्यांनी हात सैल सोडला म्हणून कळस चढला. परंतु ज्यांनी देवासाठी हजारो रुपये दिले, त्यांनी गावासाठी चार महिने पंप थांबविला, तर ती देणगी याहून मोठी होईल. एप्रिल-मे महिन्यात डोक्यावर हंडा घेऊन फर्लांग-फर्लांग चालते ती कोणाची तरी सून असते, कोणाची तरी शाळा बुडविलेली मुलगी असते. फळ्यावर नाव नसलेल्या त्या घरांनीही या मंदिराला अकरा-अकरा रुपये दिले आहेत. बागेचे नुकसान भरून निघते, पीक पुढल्या वर्षी येते. पिण्याचे पाणी पुढल्या वर्षीवर टाकता येत नाही.

मंदिर बांधून झाले की काम संपत नाही. रोज झाडलोट, रोज दिवाबत्ती, रोज पूजा असते, म्हणून ते मंदिर राहते. पाण्याचे कामही तसेच आहे. चर खोदून, बंधारा बांधून, तळे खणून ते संपत नाही. रोज मोजावे लागते, रोज राखावे लागते. ज्या गावाने इतक्या एकदिलाने वर्गणी गोळा करून हे काम तडीस नेले, त्या गावाला हे अवघड नाही. येत्या ग्रामसभेत या तीन विषयांची नोंद कार्यक्रमपत्रिकेवर व्हावी, अशी सरपंच व ग्रामसेवक यांना या निमित्ताने नम्र विनंती करतो.